डोमाभाऊंचा उजवा कान

डोमाभाऊंशी कुणी बोलायला आलं की ते आधी आपली जागा बदलत. समोरचा माणूस उजव्या अंगाला येईल अशा बेतानं सरकत, मान कलती करून उजवा कान पुढे आणत आणि मग म्हणत, "हं, आता बोला." घरी आलेला सोयरा असो, पोलीस पाटील असो की आमच्या शाळेत तपासणीला आलेले साहेब, हा विधी कधी चुकला नाही. साहेबांना तो उद्धटपणा वाटला होता. लहानपणी डाव्या कानात पू झाला, कुणीतरी गावठी औषध घातलं आणि तो कान कायमचा गेला, हे मी त्यांना मागाहून समजावून सांगितलं. डोमाभाऊंना स्वतःला त्याचं काही दुःख नव्हतं. "मले एकच कान हाय," ते सांगत, "म्हून आयकलेलं दुसऱ्या कानानं सोडता येत नाई."

धंद्यानं ते वाढई. बैलगाडीची चाकं, नांगर, लग्नाचे पाट, पाळणे असं सगळं करायचे. पण दिवाळी झाली, धान घरात आलं की रंधा आणि वाकस वळचणीला जायचे आणि डोमाभाऊ नट व्हायचे. आमच्या झाडीपट्टीत तेव्हा गावोगाव शंकरपट भरायचा, दिवसा बैलांच्या शर्यती आणि रात्री नाटक. ज्या गावात नाटक नाही त्या गावाला पाहुणे हसायचे. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, रस्ते यथातथाच होते. पण नाटकाची मंडळी बैलगाडीनं, सायकलीनं, मिळेल त्या वाहनानं पोचायचीच.

बाहेरच्यांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे नाटक पाठ करायची रीत नव्हती. एक नट या गावचा, दुसरा त्या गावचा. आज हे नाटक, उद्या ते. पाठ करायला कुणाला सवड? म्हणून विंगेत प्रॉम्प्टर बसायचा. तो सबंध नाटक वाचायचा, नट ते वाक्य कानानं उचलायचे आणि आपल्या ढंगानं लोकांपुढे टाकायचे. मी भद्रावतीचा, वडील तिथल्या कारखान्यात कामाला. शिक्षकाची नोकरी मिळाली ती या झाडीतल्या खेड्यात. आवाज स्वच्छ आहे एवढ्या गुन्ह्यावर पहिल्याच हिवाळ्यात मला प्रॉम्प्टर करून टाकण्यात आलं.

त्या पहिल्या दिवशी डोमाभाऊंनी मला हाताला धरून उजव्या विंगेत नेलं आणि एका लाकडी ठोकळ्यावर बसवलं. ठोकळा त्यांनी स्वतः तासून आणला होता. मग बजावलं, "मास्तर, लोकायले आयकू गेलं तं माई इज्जत गेली. मले आयकू नाई आलं तं कंपनीची गेली. आता तुमीच पाहा कसं बोलाचं ते." पुढची कित्येक वर्षं मी तसं बोलायला शिकत राहिलो.

त्यांची गाजलेली भूमिका 'घर गिळलं सोन्यानं' या नाटकातल्या सावकाराची. हा सावकार पैशापायी बायकोला छळतो, भावाचं शेत लाटतो आणि शेवटी पोटचा मुलगा तापानं फणफणत असताना पेटीला कुलूप लावून बसतो. सून दाराशी रडते, दवाखान्यापुरते तरी द्या म्हणते. त्यावर सावकार म्हणतो, "रड, खुशाल रड! आसवांना बाजारात भाव नाही!" या वाक्यावर मांडव दणाणायचा. शिट्ट्या, टाळ्या आणि सावकाराच्या सात पिढ्यांचा उद्धार. पोरं गल्लीत तेच वाक्य एकमेकांना ऐकवायची.

सगळ्यांना वेड लावलं होतं ते त्यांच्या कलत्या मानेनं. सावकार बोलायच्या आधी मान वाकडी करून थांबतो, कान टवकारतो, मग बोलतो. लोकांना वाटायचं, याला पेटीतल्या पैशाचा आवाज येतो आहे. खरं म्हणजे त्याला माझा आवाज येत असायचा. पण ती मान सावकाराला अशी काही चिकटली होती की दुसऱ्या कंपन्यांतले धड दोन्ही कान शाबूत असलेले सावकारसुद्धा मान वाकडी करू लागले.

एका गावी नाटकानंतर आमची न्याहारी एका म्हातारीच्या घरी होती. तिनं सगळ्यांना गरम भात, वरण आणि वांग्याची भाजी वाढली आणि डोमाभाऊंचं ताट रिकामंच ठेवलं. कुणीतरी आठवण केली तर म्हणाली, "तो पैसे खाईल." डोमाभाऊ इतके खूश झाले की जेवायचं विसरले. म्हातारीनं मग स्वतःच लाजून त्यांना वाढलं, तेही इतकं की उठवेना. वाटेत ते दहादा तरी म्हणाले असतील, "पाह्यलं का मास्तर, बुढीनं ताट रिकामं ठेवलं."

एवढ्या कौतुकातही एक माणूस मात्र बधायचा नाही. तो म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, ऋषीभाऊ. वडील लवकर गेले, तेव्हा याच भावानं डोमाभाऊंना वाढवलं, हाती रंधा दिला. माणूस सरळ, कष्टाळू आणि तोंडानं फटकळ. जवळपास नाटक असलं की ते पहिल्या रांगेत बसायचे आणि सकाळी चारचौघांत सांगायचे, "बोलते तो मास्तर. हा फकत जबडा हालवते." सगळे हसायचे, डोमाभाऊही हसायचे. पण ते त्यांना लागायचं. दुसरं कुणी म्हटलं असतं तर त्यांनी त्याची टर उडवली असती. दादा म्हणाला म्हणजे त्यात काहीतरी असणार, असा त्यांचा हिशेब होता.

एकदा बैलगाडीतून येताना त्यांनी मला विचारलं, "मास्तर, खरं सांगा. मी नट हाय का जबडा हाय?" मी बरंच काही बोललो, त्यात म्हातारीचं रिकामं ताटही आणलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमी तं पुस्तकात पाहून राह्यता. तुमाले काय दिसते?" मी त्यांना रोज ऐकत होतो, पण धड पाहिलं कधीच नव्हतं. आणि त्यांनी तर स्वतःला दाढी करताना आरशात दिसतं तेवढंच पाहिलेलं.

म्हणून कॅसेटची बातमी आली तेव्हा डोमाभाऊ हरखून गेले. कंपनीचे मालक गुलाबभाऊ यांची धानाची गिरणी होती. तेव्हा व्हिडिओचं खूळ नवं होतं; कोळशाच्या खाणींकडे, राजुऱ्याला, बल्लारपूरला, गल्लीबोळात व्हिडिओ हॉल निघाले होते. आपल्या नाटकाची कॅसेट काढायची आणि ती तिकडे चालवायची असं गुलाबभाऊंच्या मनानं घेतलं. लोभानं घराचं वाटोळं कसं होतं ते दाखवणाऱ्या नाटकाची कॅसेट त्यांनी निव्वळ लोभापायी काढली, पण हे त्यांना तोंडावर सांगायची आमची छाती नव्हती. डोमाभाऊंना त्याच्याशी देणंघेणंही नव्हतं. त्यांना एकच कळत होतं, की आता आपण आपल्याला पाहणार. दादालाही शेजारी बसवून दाखवणार आणि काय तो निकाल लागणार.

गिरणीच्या आवारात भर दिवसा मंच घातला. नागपूरहून शूटिंगवाला आला, त्यानं मंचाच्या वर माईक टांगला, कानाला यंत्र लावलं आणि पहिल्याच प्रवेशात हात वर करून सगळं थांबवलं. "ये पीछे से कौन बोल रहा है?" त्याच्या यंत्रात प्रत्येक वाक्य दोनदा येत होतं, आधी माझं आणि मागून नटाचं. मला विंगेतून उठवण्यात आलं. बाकीच्या मंडळींनी कसंबसं निभावलं. दोन-दोन वाक्यं घोकायची, बोलायची, पुन्हा थांबायचं. डोमाभाऊंना मात्र एकही वाक्य जमेना. मान कलती करून ते उभे राहायचे आणि उजवीकडून काहीच यायचं नाही.

शेवटी तोड निघाली. मी कॅमेऱ्याच्या खाली मांडी घालून बसलो आणि आवाज न काढता ओठ हलवू लागलो. डोमाभाऊ माझ्या ओठांवर नजर रोखून वाक्यं उचलू लागले. मान सरळ झाली, डोळे ताणले गेले. शूटिंगवाला म्हणाला, बढिया. गुलाबभाऊंनीही सुटकेचा निःश्वास टाकला. डोमाभाऊंनी मला नंतर फक्त एवढंच विचारलं, "चांगलं झालं असन का जी?" मी म्हटलं, आता कॅसेट आली की कळेलच.

कॅसेटचं उद्घाटन राजुऱ्याच्या एका व्हिडिओ हॉलमध्ये ठेवलं होतं. डोमाभाऊ नवा नेहरूशर्ट घालून निघाले, ऋषीभाऊंनाही आग्रह करून बरोबर घेतलं. एसटीनं आम्ही तिघं आधी चंद्रपूरला आणि तिथून राजुऱ्याला गेलो. हॉल म्हणजे टिनाच्या छपराखालची मोठी खोली, पुढे रंगीत टीव्ही, खाली सतरंज्या. खाणीतले कामगार पाळी संपवून आलेले, कुणी तेलुगू बोलणारे, कुणी हिंदी. यांच्यापैकी कुणी डोमाभाऊंना मंचावर कधी पाहिलेलं नव्हतं. कॅसेटच्या वेष्टनावर त्यांचा फोटो होता आणि खाली छापलं होतं, 'आसवांना बाजारात भाव नाही'.

नाटक सुरू झालं आणि सावकार पडद्यावर आला. हॉल गप्प झाला. तो माणूस एकटक समोर बघत होता, भुकेल्यासारखा. बायको बोलली तरी तो तिच्याकडे बघेना, मुलगा तडफडला तरी बघेना. आसवांचं वाक्य आलं आणि सतरंजीवरची माणसं उठून टाळ्या वाजवू लागली. संपल्यावर खाणीतल्या एका बाबूनं डोमाभाऊंचा हात हातात घेऊन सांगितलं, "क्या आँखें हैं आपकी! पूरी लालच आँखों में है." डोमाभाऊंनी मान डोलावली. ते अजून बंद झालेल्या टीव्हीकडे बघत होते.

परतीच्या गाडीत ऋषीभाऊंनी टोमणा मारला नाही. त्यांनी डोमाभाऊंना खिडकीची जागा दिली, चंद्रपूरच्या स्टँडवर उतरून त्यांच्यासाठी भुईमुगाच्या शेंगा आणल्या आणि सोलून त्यांच्या हातावर ठेवत राहिले. लहान भावाचं काही हरवलं की थोरला जसं करतो तसं. डोमाभाऊंना तेच सगळ्यात जास्त लागलं. गावात उतरल्यावर, ऋषीभाऊ पुढे गेल्यावर, ते मला म्हणाले, "मास्तर, तो सावकार नव्हता. तुमच्या तोंडाकडं पाहून भीक मांगून राह्यला होता तो. दादा बराबर बोलते." मी म्हटलं, लोकांनी टाळ्या दिल्या ना. त्यावर ते म्हणाले, "लोकायले मालूम नाई. मले मालूम हाय नं."

कॅसेट चालली, चांगलीच चालली. भद्रावतीच्या कॉलनीत माझ्या आईनंही शेजारणींबरोबर ती पाहिली आणि तुझा तो सावकार फार दुष्ट आहे, असं कळवलं. इकडे डोमाभाऊंनी पुढच्या हंगामाला नाही म्हणून सांगून टाकलं. गुलाबभाऊ येऊन बसले, हात जोडले, डोळे वटारून पाहिले. अखेर डोमाभाऊ तयार झाले ते एका अटीवर. सगळी भूमिका ते पाठ करणार आणि माझ्या तोंडून एक अक्षरही घेणार नाहीत. गुलाबभाऊंना त्यातलं काही कळलं नाही, पण सावकार हाती लागला एवढ्यावर ते खूश होऊन गेले.

तो पावसाळा डोमाभाऊंच्या घरी नाटकात गेला. त्यांना स्वतःला वाचन जेमतेम. बायको पार्वताबाई चौथी शिकलेल्या. त्या पुस्तक धरून वाचायच्या, हे रंधा मारता मारता म्हणायचे. सावकार बायकोला नाही नाही ते बोलतो, आणि ते सगळं डोमाभाऊ खड्या आवाजात पार्वताबाईंना ऐकवायचे. शेजारच्यांनी भांडण समजून दोनदा मध्यस्थी केली. पार्वताबाई मला म्हणाल्या, "मास्तर, हा माणूस झोपेतही मले घराबाहेर काढून राह्यला." पण पोळा येईतो सबंध भूमिका तोंडपाठ झाली. कुठूनही विचारा, डोमाभाऊ धडधडा म्हणून दाखवत.

दिवाळीनंतरचा पहिला प्रयोग शेजारच्याच गावी होता. ऋषीभाऊ पहिल्या रांगेत येऊन बसले होते. डोमाभाऊंनी मला ठोकळ्यावर बसवलं आणि म्हणाले, "माह्यासाठी पुस्तक मिटून ठेवा." मी बाकीच्यांना वाक्यं देत होतो, त्यांची पाळी आली की गप्प. ते एक शब्द चुकले नाहीत. आणि पहिला अंक असा पडला की मला विंगेत घाम फुटला. मान सरळ, आवाज खणखणीत, शाळेतली कविता म्हणावी तसं सगळं. समोरच्यानं एखादं वाक्य गाळलं तरी हे त्या न बोललेल्या वाक्याला उत्तर देत. सुनेचं काम करणाऱ्या शालूबाई अनेक कंपन्यांतून फिरलेल्या, मुरलेल्या नटी. त्या विंगेत येऊन कुरकुरल्या, की मी तोंड उघडायच्या आत भाऊ बोलून मोकळे होतात, मी बोलू कुणाशी? लोक उठून भज्यांच्या गाड्यांकडे जाऊ लागले.

अंक संपल्यावर डोमाभाऊ माझ्यापुढे येऊन उभे राहिले. चेहऱ्यावरचा रंग घामानं ओघळला होता.

"पुस्तक उघडा, मास्तर."

"पाठ तर आहे तुम्हाला."

"पाठ हाय. पण डोक्यात तेच वाजून राह्यलं, बाहेरचं काईच आयकू येत नाई."

दुसऱ्या अंकापासून मान पुन्हा कलती झाली. मी हळू आवाजात वाक्य द्यायचो, ते थांबायचे, घ्यायचे, मग बोलायचे. आता शालूबाईंनाही जागा मिळू लागली. भज्यांकडे गेलेले लोक परत आले. मला जरा हायसं वाटलं, पण डोमाभाऊंकडे बघवत नव्हतं. ज्या टोमण्यासाठी माणूस चार महिने घोकत बसला, तोच खरा ठरला असं त्यांना वाटत असणार, आणि ऋषीभाऊ समोरच बसलेले.

शेवटचा प्रवेश आला. पेटीला कुलूप, दाराशी सून. त्या दिवशी शालूबाईंना काय झालं होतं कोण जाणे, की इतक्या वेळानं समोर ऐकणारा माणूस मिळाला म्हणून, त्या रडल्या त्या नाटकातल्यासारख्या रडल्या नाहीत. हुंदका आतल्या आत दाबत, लाजत, घरातली बाई रडते तशा रडल्या. मी वाक्य दिलं. "रड, खुशाल रड." डोमाभाऊ कान देऊन उभे होते, पण बोलले नाहीत. ऐकू गेलं नसेल म्हणून मी पुन्हा दिलं, जरा मोठ्यानं. तेव्हा त्यांनी मान फिरवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा उजवा कान माझ्याकडून वळून दाराकडे गेला. मी पुस्तकातून डोळे वर केले आणि मंचावरच्या त्या माणसाला प्रथम धड पाहिलं. हातात किल्ली, सुनेचं रडणं ऐकतो आहे, आणि किल्ली मुठीत घट्ट होत चालली आहे. त्याला सगळं कळतं आहे आणि तरी तो देणार नाही, हे मागे सायकलींवर बसलेल्या पोरांनाही कळत होतं. सगळ्या गावाला तोंडपाठ असलेलं ते वाक्य आलंच नाही आणि कुणी शिट्टीही मारली नाही. बायका पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. पुढची दोन-चार वाक्यं झाली आणि पडदा पडला तोही तसाच.

रंग पुसत असताना ऋषीभाऊ आत आले. ते रंगपटात कधी येत नसत. पहिल्या रांगेत माझा आवाज पोचायचा, त्यांना तर तो नेहमीच ऐकू यायचा. उजव्या अंगाला येऊन ते उभे राहिले.

"मास्तर दोनदा बोलले. आयकलं नाई का तू?"

"आयकलं."

"मंग काऊन नाई बोलला?"

डोमाभाऊंनी रंगाचं फडकं खाली ठेवलं. "बाई रडून राह्यली होती नं, दादा."

ऋषीभाऊंनी तेच फडकं उचललं आणि भावाच्या कानामागे राहिलेला रंग स्वतः पुसून काढला. जबड्याची गोष्ट त्यांच्या तोंडून पुन्हा कुणी ऐकली नाही.

त्यानंतरच्या हंगामांत डोमाभाऊ ते वाक्य कधी म्हणायचे, कधी नाही म्हणायचे. शालूबाई कशा रडतात त्यावर ते ठरायचं. मी मात्र नेमानं द्यायचो आणि आज काय होतं म्हणून डोळे वर करून बसायचो. गुलाबभाऊ कुरकुरायचे, कॅसेट पाहून आलेले लोक ते वाक्य मागतात म्हणायचे. डोमाभाऊ त्यांना डाव्या कानाकडून बोलू द्यायचे.

एका उन्हाळ्यात त्यांना कावीळ झाली. झाडपाला झाला, मग ब्रह्मपुरीचा दवाखाना झाला, पण उशीर झालेला होता. पन्नाशीही धड उलटली नव्हती. गावची सगळी माणसं जमली, आणि ऋषीभाऊ माझा हात धरून लहान मुलासारखे रडले. मीही रडलो. पण नटाच्या मरणाचं एक असतं, आपण त्याला इतक्या वेळा मरताना, उठताना पाहिलेलं असतं की मन लगेच मानत नाही. दिवाळी आली की येतील, असं आत कुठंतरी वाटत राहिलं.

दिवाळी आली. गुलाबभाऊंनी त्या भूमिकेसाठी वडशाकडचा एक तरुण नट आणला. देखणा, उंच, आवाज भारदस्त. शेवटच्या प्रवेशात शालूबाई दाराशी बसून रडल्या, जीव ओतून रडल्या. मी वाक्य दिलं आणि डोळे वर केले. त्यानं ते तिथल्या तिथे झेललं, एक अक्षर इकडचं तिकडे न करता खणखणीत फेकलं आणि मांडव टाळ्यांनी दणाणून गेला. डोमाभाऊ गेले हे मला त्या क्षणी खरं कळलं. पुढचं वाक्य द्यायला मला उशीर झाला.